ब्रह्मदेवाच्या जनावराच्या वाटेत

साखरा गावच्या वावरात कुदळ मारून या जनावराची हाडं हाती लागायची नाहीत. पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जिराफ-ओकापीचे भाऊबंद जन्माला आले ते त्यानंतर कितीतरी काळाने. तेव्हा चपलांचे पट्टे आवळा. आपल्याला खंबातच्या आखातातल्या पिरम बेटावर जायचंय, तेही ऐंशी-नव्वद लाख वर्षं मागे.

पोहोचलात. आधी नाक दाबा. नदीकाठचा चिखल जनावरांनी तुडवून तुडवून खळ केलाय, त्यात मूत, शेण आणि कुजका पाला. उकाड्याने शर्ट पाठीला चिकटलाय. गोमाश्या कानाशी भणभणतात. हात उगारू नका, डावीकडे गेंडा लोळतोय. पलीकडून तीन बोटांचे घोडे धुरळा उडवत पाण्यावर उतरले आणि गर्दीने तुम्हाला ढकलत ढकलत एका ऊबदार, केसाळ भिंतीला टेकवलं.

भिंत श्वास घेतेय.

हळूच वर बघा. मान जिराफासारखी ताडमाड नाही, अंग मात्र रेड्याहून दांडगं. कपाळावर दोन जाडजूड शिंगं, बुडाशी एकमेकांत मिसळलेली. मागे बाजूंना आणखी दोन, आखूड. हे ब्रह्माथेरियम. याची हाडं पिरमवर सापडली आणि ह्यू फॉकनर या स्कॉटिश माणसाने 1845मध्ये त्याला ब्रह्मदेवाचं नाव दिलं. शिवालिकच्या डोंगरांतल्या याच्या भाऊबंदाचं, शिवाथेरियमचं, बारसं त्याने सहकारी कॉटलीबरोबर आधीच उरकलं होतं. पुढे लिडेकर नावाच्या अभ्यासकाने ब्रह्मदेशातल्या आणखी एका भाऊबंदाला विष्णूचं नाव देऊन त्रिमूर्ती पुरी केली.

ते रवंथ करतंय. जबडा आडवा फिरतो, दाढांची करकर तुमच्या बरगड्यांत उतरते. मग लांब, निळसर जीभ तुमच्या डोक्यावरून जाऊन फांदीचा पाला ओरबाडते आणि लाळेची तार सरळ तुमच्या कॉलरमध्ये. (जीभ मी ओकापीकडून उसनी आणलीय, दगडात जीभ टिकत नाही.)

तेवढ्यात पाण्यात मगर उसळते. कळप उधळतो, चिखल तोंडावर उडतो, शिंगं खांद्याला घासून जातात. झाडावर चढताय? खुशाल चढा. फक्त ते हलवतंय कोण ते बघा: खालच्या जबड्यातून जमिनीकडे वळलेले सुळे असलेलं डायनोथेरियम, हत्तीचं चुलत घराणं, आणि त्याच्या जेवणाची वेळ झालीय.