माफीच्या कायद्यातली फट

वर्ल्डकप आला की आमच्या कोल्हापुरात अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन देशांचे झेंडे पेठापेठांतून लागतात. मेस्सीचे कटआउट उभे राहतात, भांडणं होतात, पैजा लागतात. या देशांवर आपलं प्रेम आहे यात शंका नाही. पण ज्या देशावर प्रेम करायचं, त्याचा चेंडूपलीकडचा इतिहास थोडा तरी माहीत असावा, असं मला वाटतं. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

२५ जून १९७८. ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ असं हरवून पहिल्यांदा वर्ल्डकप जिंकला. करंडक दिला लष्करशहा जनरल व्हिदेलाने. त्या स्टेडियमपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर नौदलाची एक प्रशिक्षण शाळा होती. तिचं छोटं नाव ‘एस्मा’. तिथे माणसं डोळ्यांवर पट्टी आणि पायात बेड्या घालून ठेवलेली होती. स्टेडियममधला जल्लोष त्यांना ऐकू येत होता. एका कैदी बाईने नंतर सांगितलं, की त्या रात्री पहारेकऱ्यांनी तिला गाडीत घालून रस्त्यावरचा आनंद दाखवायला नेलं होतं. गाडीच्या टपातून डोकं बाहेर काढल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण बेपत्ता आहोत असं ओरडून सांगितलं तरी या गर्दीत कुणी लक्ष देणार नाही.

आता मूळ गोष्ट. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि ती १९८३ पर्यंत ठेवली. या काळात विरोधकांना उचलून नेण्याची एक पद्धत ठरून गेली. साध्या कपड्यांतली माणसं रात्री घरात घुसायची, माणूस घेऊन जायची. पोलीस ठाण्यात नोंद नाही, कोर्टात हजर करणं नाही, तुरुंगाच्या यादीत नाव नाही. कामगार पुढारी, विद्यार्थी, पत्रकार, वकील, कुणीही. मानवाधिकार संघटना हा आकडा ३० हजार सांगतात. एकट्या एस्मात सुमारे ५ हजार जण नेले गेले, जिवंत परतले ते थोडे.

ही पद्धत का निवडली असेल? गोळ्या घालून मारलं तर प्रेत राहतं. प्रेत असलं की गुन्हा असतो आणि गुन्हा असला की गुन्हेगार शोधावा लागतो. माणूस नुसता ‘नाहीसा’ झाला तर कुणावर खटला भरणार? १९७९ च्या डिसेंबरात पत्रकारांनी विचारलं तेव्हा व्हिदेला उत्तरला, की बेपत्ता माणूस ना जिवंत असतो ना मेलेला, त्याला अस्तित्वच नसतं. ही बेफिकिरी तर होतीच, पण तो कायदेशीर बचावही होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे हेच यांच्या अंगाशी आलं.

विरोध पहिल्यांदा रस्त्यावर आणला तो आयांनी. ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लाझा दे मायो या चौकात जमल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, उभं राहू नका, चालत राहा. मग त्या चालत राहिल्या, चौकातल्या स्तंभाभोवती गोल गोल. दर गुरुवारचा तो फेरा पुढे जगाला माहीत झाला. डोक्याला पांढरं फडकं बांधायच्या, पहिल्यांदा बांधलं ते लेकरांच्या लंगोटाचं कापड होतं.

सरकारने काय केलं? आल्फ्रेदो आस्तीस नावाचा तरुण नौदल अधिकारी त्यांच्यात घुसवला. ‘माझा भाऊ बेपत्ता आहे’ असं सांगून तो त्यांच्यात बसायचा. डिसेंबर १९७७ मध्ये, ८ ते १० तारखेच्या दरम्यान, त्याने दाखवून दिलेल्या बारा जणांना उचललं गेलं. त्यात दोन फ्रेंच जोगिणी होत्या आणि या आयांना एकत्र आणणारी आसुसेना व्हियाफ्लोर होती. तिला उचललं ती तारीख १० डिसेंबर, म्हणजे जागतिक मानवाधिकार दिन. त्याच दिवशी आयांनी पैसे गोळा करून बेपत्ता लोकांच्या नावांची जाहिरात पेपरात छापून आणली होती.

१९८२ मध्ये फॉकलंडचं युद्ध हरल्यावर लष्कराची पत गेली. जाता जाता, सप्टेंबर १९८३ मध्ये, त्यांनी एक कायदा केला. आम्ही जे काही केलं त्याची आम्हालाच माफी! १० डिसेंबर १९८३ ला राऊल आल्फोन्सिन निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले आणि नव्या संसदेने सर्वांत आधी ही माफी रद्द केली. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. त्याने जवळपास ९ हजार बेपत्ता व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त छळछावण्यांची नोंद केली.

१९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला, आणि तोही साध्या, नागरी न्यायालयात. आठशेहून अधिक साक्षीदार आले. सरकारी वकील होते हुलिओ स्त्रासेरा. ९ डिसेंबर १९८५ ला निकाल लागला. व्हिदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप, आणखी तिघांना कमी-जास्त शिक्षा, चौघे निर्दोष. ‘अर्जेंटिना, १९८५’ हा सिनेमा इथे संपतो. खरा इतिहास मात्र इथून पुढे वाकड्या वाटेने जातो, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दलच.

वरच्यांना शिक्षा झाली म्हटल्यावर खालचे अधिकारी घाबरले. बराकींत कुजबुज सुरू झाली. सरकारने डिसेंबर १९८६ मध्ये ‘पूर्णविराम’ नावाचा कायदा केला. साठ दिवसांत ज्यांच्यावर आरोप दाखल होतील तेवढेच, बाकी प्रकरण बंद. सरकारला वाटलं होतं की न्यायालयं ढिम्म राहतील. झालं उलटंच. काही न्यायालयांनी उन्हाळ्याची सुट्टी सोडून काम केलं आणि शेकडो अधिकाऱ्यांवर आरोप दाखल झाले. मग एप्रिल १९८७ मध्ये, ईस्टरच्या दिवसांत, तोंडाला रंग फासलेल्या अधिकाऱ्यांनी बंड केलं. लाखो लोक लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले. आल्फोन्सिन स्वतः बंडखोरांना भेटायला गेले आणि परत येऊन म्हणाले, की सगळं ठीकठाक आहे. दोनच महिन्यांत दुसरा कायदा आला, ‘आज्ञापालनाचा’. खालच्या अधिकाऱ्यांनी वरचा हुकूम पाळला, म्हणून ते दोषी नाहीत. पुढचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९८९ आणि १९९० मध्ये उरलेल्यांनाही माफी दिली. व्हिदेला घरी गेला. आस्तीस मोकळाच फिरत होता.

आपण म्हणतो, ‘काही होत नाही हो, मोठ्यांच्या केसालाही धक्का लागत नाही.’ जणू हे पाऊस-पाण्यासारखं आपोआप घडतं. अर्जेंटिनाचा इतिहास सांगतो की तसं नसतं. न्याय न होणं हेही कुणीतरी करावं लागतं. त्याला मसुदा लागतो, मतदान लागतं, सही लागते, तारीख लागते. आणि जे सहीने झालं ते सहीने पुसताही येतं. फक्त पुसणारे तोवर टिकले पाहिजेत.

आज्ञापालनाच्या कायद्यात एक फट राहिली होती. काही गुन्हे त्या माफीतून वगळले होते. त्यातला एक म्हणजे मुलं पळवणं. कैदेत गरोदर बायका होत्या. बाळंत होईपर्यंत त्यांना जिवंत ठेवायचं, नंतर मारायचं आणि बाळ लष्कराच्या मर्जीतल्या घरात देऊन टाकायचं, असं चालायचं. अशी सुमारे ५०० मुलं असावीत, असा आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. हो, आज्यांची संघटना! नातवंडं शोधणाऱ्या या बायकांनी शास्त्रज्ञांना विचारलं, की आई-बाप नाहीत, तर आजी-आजोबांच्या रक्तावरून नातं सिद्ध होईल का? अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी त्यावर काम केलं. १९८७ मध्ये, म्हणजे माफीच्या कायद्याच्याच वर्षी, संसदेने राष्ट्रीय जनुकीय माहिती पेढीचाही कायदा केला. आजवर १३० हून अधिक नातवंडं सापडली आहेत. संघटनेच्या अध्यक्ष एस्तेला दे कार्लोत्तो यांना स्वतःचा नातू मिळाला तो २०१४ मध्ये. त्यांच्या मुलीला मारलं गेल्यानंतर छत्तीस वर्षांनी.

या फटीतूनच १९९८ मध्ये व्हिदेला पुन्हा आत गेला. बाळं चोरल्याच्या आरोपावरून. मग एका खटल्यात प्रश्न अगदी उघडा पडला. एका जोडप्याला मुलीसह उचललं होतं. मुलगी चोरल्याबद्दल पोलिसाला शिक्षा होऊ शकत होती, पण तिच्या आई-बापाला छळून नाहीसं केल्याबद्दल नाही. हा कुठला न्याय? २००१ मध्ये न्यायाधीश गाब्रिएल काव्हायो यांनी ते दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले. २००३ मध्ये संसदेने ते रद्दबातल केले आणि १४ जून २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता आसुसेनाकडे परत. डिसेंबर १९७७ मध्येच समुद्रकिनाऱ्यावर काही प्रेतं वाहून आली होती. ती जनरल लाव्हाये गावच्या दफनभूमीत ‘नाव माहीत नाही’ अशा खुणेने पुरली गेली. २००५ मध्ये न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी ती ओळखली. त्यात आसुसेना होती. हाडं मोडली होती ती उंचावरून पडल्यासारखी. विमानातून जिवंत माणसं समुद्रात फेकल्याचं एका नौदल अधिकाऱ्याने १९९५ मध्ये कबूल केलंच होतं. पुढे ते विमानही अमेरिकेत फ्लोरिडात सापडलं. आणि त्याच्यासोबत उड्डाणांच्या नोंदी! १४ डिसेंबर १९७७ च्या रात्री तीन तासांहून अधिक उड्डाण, निघाले तिथेच परत. २०१७ मध्ये त्या विमानाच्या दोन वैमानिकांना जन्मठेप झाली. आस्तीसला ती २०११ मध्येच झाली होती. व्हिदेला २०१३ मध्ये तुरुंगात मेला.

शेजारी काय झालं तेही बघा. चिलीत पिनोशेने १९७८ मध्ये स्वतःच्या माणसांना माफी देऊन टाकली. पण तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं, की माणूस अजून सापडला नाही ना? मग अपहरण अजून चालूच आहे, माफीची मुदत त्याला कशी लागू होईल? व्हिदेलाच्या ‘ना जिवंत ना मेलेला’ला याहून नेमकं उत्तर कुठलं? पिनोशे मात्र २००६ मध्ये शिक्षेविना मेला, तारीख होती १० डिसेंबर. उरुग्वेत जनतेनेच १९८९ आणि २००९ अशी दोनदा मतदान करून माफी टिकवली. ब्राझीलचा १९७९ चा माफीचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम ठेवला.

अर्जेंटिनातही सगळं गोड नाही. २००६ मध्ये एका जुन्या छळछावणी-प्रमुखाविरुद्ध साक्ष दिलेला हुलिओ लोपेस हा वृद्ध गवंडी निकालाच्या सुमारास लोकशाहीतच बेपत्ता झाला. तो अजून सापडलेला नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कैद्यांच्या शिक्षा कमी होतील असा निकाल दिला, तेव्हा प्लाझा दे मायो पांढऱ्या फडक्यांनी भरून गेला आणि संसदेला लगेच कायदा करून ती वाट बंद करावी लागली. म्हणजे मिळवलेलंही राखावं लागतं.

शेवटी आपल्याकडचं एक. माणसं बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा म्हणून अर्जेंटिना आणि फ्रान्सने पुढाकार घेतला. २००७ मध्ये भारताने त्यावर सही केली. त्याला संमती मात्र अजून दिलेली नाही, आणि असा वेगळा गुन्हाही आपल्या फौजदारी कायद्यात नाही. नुसत्या सहीने कुणी बांधलं जात नाही. ते का राहिलं, हा प्रश्न आपल्या खासदाराला विचारायला हरकत नसावी. त्या आयांकडे १९७७ मध्ये तरी काय होतं? नावांची एक यादी होती आणि गुरुवार होता.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये लिहा, बोलू.