पीसीओएस आणि झिंक: नातं नेमकं काय, गोळी घ्यावी का?

पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, डोक्यावरचे गळतात. अशा वेळी रील्सवर एक सल्ला हमखास मिळतो: झिंकची गोळी सुरू करा. सल्ला अगदीच हवेतला नाही, पण अर्धवट आहे.

पीसीओएस, म्हणजेच पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, साधारण १० पैकी १ महिलेला असतो. यात अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखे अँड्रोजेन हार्मोन्स वाढवायला लावतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एसएचबीजी हे यकृतातलं प्रथिनही कमी होतं. स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही आणि पाळी लांबते.

मग झिंक कुठे आलं? स्वादुपिंडात इन्सुलिनचे ६ रेणू झिंकच्या २ आयनांभोवती एकत्र बांधून साठवले जातात. म्हणजे नातं खरं आहे. पण पीसीओएस असलेल्या महिलांच्या रक्तातलं झिंक काही अभ्यासांत कमी आढळलं, काहींत जास्त, तर काहींत फरकच दिसला नाही. जेवण, संसर्ग, दिवसाची वेळ यानुसारही ते बदलतं. त्यामुळे झिंकच्या रिपोर्टवरून पीसीओएसचं निदान होत नाही.

इराणमध्ये ४८ महिलांवर ८ आठवड्यांची एक चाचणी झाली. रोज ५० मिलिग्रॅम झिंक घेतल्यावर केसगळती आणि नको तिथल्या केसांची तक्रार कमी झाली, हार्मोन्सची पातळी मात्र जिथल्या तिथे राहिली. रील्समध्ये फक्त पहिला भाग सांगतात!

शिवाय ५० मिलिग्रॅम हा डोस छोटा नाही. आयसीएमआरनुसार भारतीय महिलेला दिवसाला १३.२ मिलिग्रॅम झिंक लागतं. प्रौढांसाठी वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे. महिनोन्‌महिने जास्त झिंक घेतल्यास शरीरातलं तांबं कमी होऊन ॲनिमिया होऊ शकतो.

आहारातून घेतलेल्या झिंकला ही भीती नाही. डाळी, शेंगदाणे, तीळ, अंडी, मटण यांत ते असतं. कडधान्यांतलं फायटेट झिंक शोषू देत नाही, पण मटकी-मुगाला मोड आणले की ते कमी होतं.

गोळीच्या भरवशावर तपासण्या राहून जातात, हा खरा धोका. पाळी ३ महिने आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं आणि ग्लुकोज पिऊन २ तासांनी होणारी साखरेची तपासणी करायची का, हे विचारावं.