हाऊसचा आवाज मुंबईत, पण बारसं शिकागोत

विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर डॉल्बीचा जो ठेका छातीत बसतो, त्याचं मूळ कुठलं? आजचा एपिसोड त्यावर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लिहून.

चारही मात्रांवर किक ड्रम, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. हे हाऊस म्युझिक. त्याचं नाव आलं शिकागोच्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून. न्यूयॉर्कचा फ्रँकी नकल्स १९७७ मध्ये तिथं डीजे म्हणून आला. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुण. बाहेर त्यांना फारशी जागा नव्हती, इथं होती.

१२ जुलै १९७९ ला त्याच शहरातल्या बेसबॉल स्टेडियममध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्स चक्क स्फोटकं लावून उडवल्या. डिस्कोची हवा गेली. मग फ्रँकीनं काय केलं? जुनी गाणी टेपवर घेतली, टेप कापली, जोडली, नाचायचा भाग लांबवला. पुढं खाली ड्रम मशीनचा ठेका टाकला. म्हणजे हाऊसची सुरुवातच रिमिक्समधून झाली. १९९८ मध्ये ग्रॅमीनं रिमिक्सरसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, तो फ्रँकीलाच मिळाला. २०१४ मध्ये तो गेला.

आता या मुंबईला. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. गिटार, बास, सिंथेसायझर, सगळं वाजवायचे. १९८२ मध्ये एचएमव्हीनं त्यांची रेकॉर्ड काढली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग, आणि तबल्याच्या जागी रोलँडचं टीआर-८०८ ड्रम मशीन. सोबत टीबी-३०३.

हे ३०३ मूळचं एकट्यानं रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ द्यायला केलेलं. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर १६ खान्यांचा अ‍ॅरे आणि त्यावर न थांबणारा लूप. प्रत्येक खान्यात एक स्वर भरायचा. ‘स्लाइड’ लावलं की एक स्वर पुढच्यात घसरत जातो. आता अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात मींड काय असते हे मी सांगायला नको!

शिकागोच्या पोरांनी हेच ३०३ पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं १९८७ मध्ये. त्यातून अ‍ॅसिड हाऊस आलं. म्हणजे आपल्याकडं तसा आवाज पाच वर्षं आधी होता, पण रेकॉर्ड चालली नाही. पुढं एका डच संग्राहकाला ती सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. सत्तरी ओलांडलेले चरणजित मग युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले.

आवाज आधी असून नाव शिकागोचं का झालं? माझं मत असं, की मशीनवर ट्रॅक बनतो, पण प्रकार बनतो नाचणाऱ्यांसमोर. चरणजितना त्यांचा फ्रँकी मिळाला नाही. त्यांची रेकॉर्ड दर शनिवारी लावणारा, कापणारा, वाढवणारा आणि त्याच गर्दीपुढं परत वाजवणारा डीजे नव्हता.

आता गर्दी आहे. २०२४ मध्ये क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन या डच लेबलवर आलं आणि रीलपासून मिरवणुकीपर्यंत वाजलं. क्रेटेक्स याला मराठी हाऊस म्हणतो. त्याचं नाव गाण्यावर आहे, ते टिकेल.

पण आपल्या डॉल्बीवाल्यांचं काय? हलगीवर किक बसवणारी, भक्तिगीताचा मिक्स करणारी पोरं गावोगाव आहेत. ट्रॅकमध्ये मधेच त्यांच्या नावाचा टॅग ओरडतो, तेवढीच त्यांची नोंद. फाईल फॉरवर्ड होते, कुणीतरी टॅग कापतो, विषय संपला. कोडमध्ये कोणती ओळ कुणी कधी लिहिली ते गिट सांगतं. इथं सांगणारं कोणी नाही.

म्हणून एक काम करा भावांनो. मंडळाच्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये, सीडीत असे मिक्स पडले असतील. कुणी केला, कुठल्या साली, कुठल्या गावात, एवढं विचारून फाईलच्या नावात टाका. करणारी माणसं अजून हाताशी आहेत, तोवर विचारून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!