महारोग आणि लोकशिक्षण

पालघर तालुक्यांत सूर्या नदीच्या कांठीं मासवण हें गांव आहे. पश्चिमेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, पूर्वेस जव्हार-मोखाड्याकडे चढत जाणारा डोंगराळ मुलूख, आणि या दोहोंच्या मध्यें वारली, मल्हार कोळी, कातकरी इत्यादि लोकांचे विखुरलेले पाडे, अशी या भागाची ठेवण आहे. मासवणला सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्रांच्या वतीनें पाड्यापाड्यांतून फिरणारी आशा कार्यकर्ती घरच्या माणसांना जे प्रश्न विचारते, त्यांत एक असा असतो, कीं कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे काय, आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळतो काय. प्रश्न साधा आहे. परंतु तो लोकांच्या दारीं जाऊन नम्रपणें विचारावयाचा असतो, हें सरकारला शिकावें लागलें. आणि तें शिक्षण पूर्ण होण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला.

बहुतेक रोग आपलें आगमन स्वतःच जाहीर करितात. ताप अंग जाळतो, दाढ रात्रभर झोंप येऊं देत नाहीं, आणि मग मनुष्य आपण होऊन वैद्याचें घर गांठतो. महारोगाची रीत याच्या उलट आहे. त्याचा जंतु शरीरांत शिरल्यावर वर्षानुवर्षें, बहुधा पांच वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ, गुप्तच राहतो. पुढें चट्टा उमटतो. पण तो खाजत नाहीं आणि दुखतहि नाहीं. उलट तेथील संवेदनाच नाहींशी होत जाते. चुलीवरचें भांडें उतरवितांना बोट भाजलें तरी कळत नाहीं; पायांत कांटा मोडला तरी मनुष्य चालतच राहतो. बोटें झडतात तीं जंतूंनीं खाल्लेलीं नसतात. वेळीं न कळलेल्या भाजण्यांनीं आणि चिघळलेल्या जखमांनीं तीं गेलेलीं असतात. ज्याला वेदना वैद्याकडे नेत नाहीं, त्याला दुसर्‍या कोणाच्या तरी शब्दानेंच तेथें जावें लागतें. इतर रोगांत लोकशिक्षण औषधाच्या सोबतीनें चालतें. या रोगांत तें औषधाच्या आधीं पोहोंचावें लागतें. आणि तो शब्द जर भीतीचा असला, तर रोगी चट्टा दाखवीत नाहीं, झांकतो. या रोगाबाबत सरकारनें लोकांना वेळोवेळीं काय सांगितलें, यालाच म्हणून इतकें महत्त्व आहे.

रोगाचें कारण शास्त्राला कळण्यापूर्वीं लोकांनीं तें आपापल्या परीनें ठरविलेलें होतें. कोणी तें पूर्वजन्मींच्या पापांत पाहिलें, कोणी कुळाच्या रक्तांत. १८७३ सालीं नॉर्वेमध्यें बर्गेन येथें हान्सेन या वैद्यानें या रोगाचा जंतु शोधून काढला आणि पाप व रक्त या दोन्ही कल्पनांचा पाया ढांसळला. परंतु त्यांच्या जागीं तिसरी भीति आली, ती संसर्गाची. १८८९ सालीं हवाई बेटांत महारोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगानें वारले. त्या वार्तेनें युरोपांत मोठी खळबळ उडाली. इंग्लंडांत निधि जमला, आणि प्रत्यक्ष चौकशीसाठीं १८९० सालीं एक मंडळ हिंदुस्थानांत पाठविण्यांत आलें. देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरून आणि रोगी तपासून मंडळानें असा निष्कर्ष काढला, कीं या रोगाचा संसर्ग होण्याचा संभव फार थोडा असून रोग्यांना सरसकट सक्तीनें वेगळें कोंडण्याचें कारण नाहीं.

हा निष्कर्ष हातीं असतांनाहि १८९८ सालीं हिंदुस्थान सरकारनें महारोग्यांसंबंधीं कायदा केला. ज्या प्रदेशाला तो लागू होई तेथें भिक्षा मागणार्‍या निराधार महारोग्याला वॉरंटावांचून पकडण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. त्याला आश्रयगृहांत धाडण्याची तरतूद झाली. आणि महारोग्यानें खाण्यापिण्याचे पदार्थ विकूं नयेत, सार्वजनिक विहिरीचें पाणी घेऊं नये, भाड्याच्या वाहनांत बसूं नये, अशी मनाई करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना देण्यांत आली. मुंबईत म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या पुढाकारानें माटुंग्यास अशा निराधारांसाठीं आश्रयस्थान १८९० सालींच निघालें होतें. त्यामागें दयाबुद्धि नव्हती असें म्हणतां येणार नाहीं; शेकडों अनाथांना तेथें अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला. तथापि रस्ते त्यांच्यापासून मोकळे करावेत, हाहि हेतु त्या व्यवस्थेंत होताच.

कायदा हें सुद्धां लोकशिक्षणाचें एक साधन असतें, नव्हे, सर्वांत प्रभावी साधन असतें. चौकशी मंडळाचा इंग्रजी अहवाल वाचणारे मूठभर. परंतु बाजारांतून एखाद्याला शिपाई धरून नेतो हें सार्‍या गांवाला दिसतें. त्यावरून लोक जें शिकले तें थोडक्यांत असें, कीं हा रोग म्हणजे गुन्हा आहे आणि रोगी म्हणजे हद्दपार करण्याजोगा इसम आहे. वस्तुतः कायद्याचा रोख निराधारांवर होता. ज्यांना घरदार होतें त्यांनीं त्यापासून दुसराच धडा घेतला. त्यांनीं रोग्याला माजघराच्या आड, गोठ्याच्या पडवींत किंवा शेतावरच्या खोपींत ठेविलें आणि मुलांचीं लग्नें उरकेपर्यंत ब्र काढला नाहीं. सरकारी भीति आणि घरगुती लज्जा यांचा असा संगम झाल्यावर रोग मिटत नाहीं, तो केवळ दिसेनासा होतो.

ही चूक प्रथम वैद्यांच्या ध्यानांत आली. १९२० नंतरच्या दशकांत ब्रिटिश साम्राज्य महारोग निवारण संघाची हिंदी शाखा स्थापन झाली, आणि कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयांतील डॉ. म्यूर यांनीं प्रचार, उपचार आणि पाहणी अशी त्रिविध पद्धति पुढें मांडली. यांत प्रचाराला पहिलें स्थान होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. औषध त्या काळीं एकच होतें, तें म्हणजे चौलमुग्र्याच्या जातीच्या बियांचें तेल. आपल्या सह्याद्रींत वाढणारें कडू कवठ हें त्याच वर्गांतील झाड. त्या तेलाच्या टोचण्या अतिशय दुखत आणि गुणहि अनिश्चित येई. तरी रोगी आपण होऊन दवाखान्यांत येऊं लागले. कोंडून ठेवण्याऐवजीं बोलावल्यानें माणसें येतात, हा त्या प्रयोगाचा खरा लाभ होता.

महाराष्ट्रांत या विचाराला वर्ध्याच्या परिसरांत नवें वळण मिळालें. विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं दत्तपूर येथें कुष्ठधाम उभारलें. पुढें थोड्याच वर्षांनीं संस्कृत पंडित परचुरे शास्त्री हे महारोगानें जर्जर होऊन सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आश्रमांतच ठेवून घेतलें आणि आपल्या हातांनीं त्यांची शुश्रूषा केली. शंभर पत्रकांनीं जें साधलें नसतें तें त्या एका दृश्यानें साधलें, कारण भीति ही युक्तिवादानें जात नाहीं, ती उदाहरणानें जाते. १९४९ सालीं वरोर्‍यास बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापन केली. १९५१ सालीं वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालें, आणि तेथें डॉ. वारदेकर यांनीं सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धति गांवोगांवीं राबवून तिला निश्चित स्वरूप दिलें. तोंपर्यंत डॅप्सोन ही स्वस्त गोळी हातीं आलेली होती. आतां रोग्याला आश्रमांत आणावयाचें नव्हतें. गोळी त्याच्या घरीं न्यावयाची होती.

१९५५ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्याची घडी पुष्कळ अंशीं याच पद्धतीवर बसविलेली होती. सायकलवरून किंवा पायीं हिंडणारा कुष्ठरोग-कार्यकर्ता त्या काळापासून खेड्यांना परिचित झाला. तो घरोघरीं जाऊन माणसें तपाशी, शाळेंत मुलांना उजेडांत उभें करून त्यांच्या पाठी पाही आणि चट्ट्यावर पीस फिरवून स्पर्श कळतो कीं नाहीं हें विचारी. १९६९ सालीं तारापूरला अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊं लागली, तेव्हांहि या रोगाच्या शोधाचें मुख्य साधन पीस आणि प्रश्न हेंच होतें, आणि आजहि त्यांत मोठासा फरक झालेला नाहीं.

या लोकशिक्षणांतहि दोष राहिले. भिंतीवरच्या चित्रांत बहुधा वांकलेलीं बोटें आणि बसकें नाक दाखविलेलें असे. पाहणार्‍याची समजूत अशी होई, कीं महारोग म्हणजे विद्रूपता; आणि आपल्या पाठीवर नुसता फिकट डाग असला तर तो महारोग नव्हे. जो टप्पा ओळखावा म्हणून चित्र काढलें, तोच टप्पा चित्रानें लपविला. दुसरी अडचण औषधाची होती. डॅप्सोन वर्षानुवर्षें, कित्येकांना जन्मभर, घ्यावें लागे; पुढें जंतु त्याला दाद देईनासे झाले. ज्या रोगावर औषध आहे पण तें कधीं संपत नाहीं, तो बरा होतो असें लोकांना कोणत्या तोंडानें सांगावयाचें?

याचें उत्तर १९८१ सालीं मिळालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफॅझिमिन या औषधांच्या संयुक्त उपचाराची शिफारस केली. १९८३ सालीं भारताच्या कार्यक्रमाचें नांव बदलून नियंत्रणाच्या जागीं निर्मूलन हा शब्द आला, आणि हा उपचार जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरला. आज अल्प जंतु असलेल्या रोग्याला सहा महिने आणि अधिक जंतु असलेल्याला बारा महिने औषध पुरतें. उपचार सुरू होतांच थोड्याच अवधींत त्याच्यापासून इतरांना संसर्ग होण्याचें थांबतें. औषधाला शेवट आला आणि त्याबरोबर शिक्षकाच्या बोलण्याला बळ आलें. रोग बरा होतो, हें वाक्य प्रथमच निःशंकपणें उच्चारतां येऊं लागलें.

डिसेंबर २००५ मध्यें दहा हजार लोकांमागें एकाहून कमी रोगी, हें ठरविलेलें प्रमाण भारतानें राष्ट्रीय पातळीवर गांठलें. यश मोठें होतें, पण त्याच्या पोटांतच एक धोका होता. सरासरी ही सार्‍या देशाची असते, चट्टा मात्र एका पाड्यावरच्या एका माणसाच्या अंगावर असतो. रोग संपला अशी समजूत पसरली, खास कुष्ठरोगाचें काम सर्वसाधारण आरोग्यसेवेंत मिळून गेलें, आणि घरोघरचा तो प्रश्न कमी वेळां विचारला जाऊं लागला. जो रोग स्वतः बोलत नाहीं, त्याच्याविषयीं इतरांनींहि मौन धरलें तर त्याला दुसरें काय हवें असतें? म्हणूनच २०१६ पासून सरकारला घरोघर शोध घेण्याच्या मोहिमा पुन्हा काढाव्या लागल्या.

महाराष्ट्रांत ज्या जिल्ह्यांत या रोगाचें प्रमाण अधिक आढळतें, त्यांत चंद्रपूर-गडचिरोलीप्रमाणेंच पालघरचीहि गणना होते. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. येथील अडचण केवळ अज्ञानाची नाहीं. भातकापणी आटोपली कीं डोंगराळ तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात तीं पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. सहा महिन्यांचा उपचार आणि सहासात महिन्यांचें स्थलांतर यांचा मेळ घालणें सोपें नसतें. बोईसरच्या वसाहतींत परप्रांतांतून आलेल्या मजुरांच्या खोल्या आहेत. तेथें बोलण्याची भाषा निराळी, कामाच्या वेळा निराळ्या. वारली स्त्रीला पाठीवरचा चट्टा परपुरुषासमोर दाखविणें अशक्य वाटतें. याकरितां शोध मोहिमेंत आशा कार्यकर्तीबरोबर एक पुरुष स्वयंसेवकहि दिलेला असतो. स्त्रियांची तपासणी स्त्री करिते, पुरुषांची पुरुष.

२०१७ पासून गांधीजींच्या स्मृतिदिनीं, ३० जानेवारीस, ग्रामसभांतून स्पर्श या नांवाची जनजागृति मोहीम केली जाते. तींत जिल्हाधिकार्‍यांचें आवाहन वाचून दाखवितात, भेदभाव न करण्याची प्रतिज्ञा घेतात, आणि ‘सपना’ या कल्पित शाळकरी मुलीच्या तोंडून गांवाला रोगाचीं लक्षणें सांगितलीं जातात. पूर्वीं शिपाई ज्या विषयावर बोलत असे त्यावर आतां गांवचीच एक मुलगी बोलते, हा फरक लहान नव्हे. रोग्याच्या निकटच्या माणसांना प्रतिबंधक म्हणून रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची व्यवस्थाहि झाली आहे. परंतु त्यासाठीं रोग्यानें आपलें नांव उघड होण्यास संमति द्यावी लागते, आणि ती संमति धाकानें नव्हे, विश्वासानेंच मिळते.

१८९८ चा तो कायदा २०१६ सालीं रद्द झाला. कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण ठरविणारीं कलमें २०१९ सालीं निरनिराळ्या विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकण्यांत आलीं. कायद्यानें दिलेला धडा कायद्यानें परत घेण्यास ११८ वर्षें लागलीं. औषध त्याच्या कितीतरी आधीं, निम्म्याहून कमी काळांत, सांपडलेलें होतें. यावरून एवढें ठरतें, कीं रोगजंतु मारण्यापेक्षां एकदां पेरलेली भीति उपटणें हें अधिक दिवसांचें काम आहे, आणि तें कागदावर रद्द केल्यानें पुरें होत नाहीं.

तें पुरें व्हावयाचें तर मासवणच्या पाड्यावरच व्हावयाचें. आशा कार्यकर्ती दाराशीं उभी राहते, चट्टा आहे काय म्हणून विचारते, आणि घरांतील कोणी एक क्षणभर थबकतो. त्या क्षणीं त्याला शिपाई आठवला, लग्नाचें वय झालेली मुलगी आठवली, तर तो नाहीं म्हणतो, आणि पांच वर्षांनीं त्याचीं बोटें वांकतात. सहा महिन्यांच्या गोळ्या आठवल्या, तर तो सदर्‍याची बाही वर करितो.