चढाची किंमत कोण मोजतो?

छोट्या आगगाडीची प्रतिकृती घरात मांडणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. खोली लहान असते आणि हौस मोठी. मग रूळ दोन मजल्यांवर मांडायचे ठरते. पण गाडी खालून वर न्यायची कशी? त्यासाठी जी गोल-गोल चढणारी वाट बांधतात, तिला हेलिक्स म्हणतात. आपला जुना शब्द मळसूत्र, म्हणजे स्क्रूचे आटे. मळसूत्री जिना आपण पाहिलेला असतो. ही तशीच मळसूत्री रूळवाट.

हिशेब साधा आहे. एचओ मापात, म्हणजे 1:87 या प्रमाणात, 60 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घ्या. एका फेऱ्यात गाडी सुमारे 377 सेंटिमीटर धावते. तेवढ्यात ती 10 सेंटिमीटर चढवायची. त्यातून प्लायवूड आणि रुळांची जाडी वजा केली, की डब्याच्या टपावर जेमतेम जागा उरते. म्हणून फेरा यापेक्षा बुटका करता येत नाही. आणि उंच केला तर? इंजिन दमते, शिवाय वळणावर लांब गाडीचे हलके डबे आतल्या बाजूला ओढले जाऊन कलंडतात. आटे पाडलेल्या उभ्या सळयांवर नट खाली-वर करून हा चढ अगदी समान राखावा लागतो.

आता हा चढ किती झाला? 377 मध्ये 10, म्हणजे साधारण 37 ला 1. गंमत बघा, 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढही 37 ला 1 हाच होता!

मग तिथे मळसूत्र का नाही बांधले? आपली 60 सेंटिमीटरची त्रिज्या प्रत्यक्षात जेमतेम 52 मीटर होते. ब्रॉडगेजची गाडी तेवढ्यात वळत नाही. दार्जिलिंगच्या बतासियाला 1919 मध्ये असा फेरा जमला, कारण तिथले रूळ अवघे दोन फुटी. बोरघाटात मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी वाट डोंगराच्या कडेने लांबवली: सुमारे 25 किलोमीटरमध्ये 558 मीटर चढ, 25 बोगदे. एका ठिकाणी तर गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये नव्या मार्गामुळे सुटले.

म्हणजे उंची फुकट मिळत नाही. ती लांबी देऊन घ्यावी लागते, नाहीतर वेळ देऊन. पण हे झाले भूमितीचे उत्तर. इतिहासाचा प्रश्न वेगळा असतो: ती लांबी कोणी खोदली? 1861 च्या सुमारास घाटात 42,000 माणसे कामावर होती. 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून तिथे दंगल झाली. पटकीने माणसे दगावली. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे चालवले. या नावांची नोंद राहिली. खोदणाऱ्यांच्या नावांची राहिली नाही.

आज आपण आरे कॉलनीत बोलतो आहोत, म्हणून इथलेच पाहू. मेट्रो 3 ची 27 स्थानके. 26 जमिनीखाली, एकटे आरे जमिनीवर. भुयारातली गाडी इथे वर येते आणि कारशेडमध्ये विसावते. प्रतिकृतीतही मळसूत्राच्या टोकाला बहुधा गाड्या उभ्या करायचे यार्डच असते, पण ते टेबलाखाली लपवता येते. खऱ्या यार्डाला सपाट, मोकळी जमीन लागते. त्या जमिनीसाठी ऑक्टोबर 2019 मध्ये इथली दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली.

मेट्रो नको, असे मी म्हणत नाही; गर्दीच्या लोकलला लटकणाऱ्या माणसालाही त्याचा जीव प्यारा आहे. माझे म्हणणे एवढेच, की चढाची किंमत नेहमी कुणीतरी मोजतो. खेळण्यात ती प्लायवूड मोजते. घाटात ती मजुरांनी मोजली, आरेत झाडांनी. नकाशावर रेघ ओढतानाच हा हिशेब मांडला, तर निदान वाद वेळेवर होईल. झाडे पडल्यावर होणार नाही.