दिव्याची जागा आणि छायाचित्राचा पुरावा

छायाचित्रणाचा इतिहास सामान्यतः भिंग, फिल्म आणि शटर यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कॅमेरा हाती कसा धरला, गळ्यात कसा अडकविला, आणि प्रकाशाचा दिवा त्यास कोठे व कशाने जोडला, हे प्रश्न केवळ कारागिरीचे समजून बाजूस ठेवले जातात. परंतु विसाव्या शतकाचा अभ्यासक वृत्तपत्रीय छायाचित्र ऐतिहासिक साधन म्हणून हाती घेतो, तेव्हा हेच उपेक्षित प्रश्न त्याच्या वाटेत उभे राहतात. चित्रात दिसणारा काळोख घटनेचा की दिव्याच्या जागेचा, याचा निर्णय त्यांच्या उत्तरांवाचून करता येत नाही.

प्रारंभी दिवा आणि कॅमेरा ही दोन स्वतंत्र साधने होती. १८८७ साली जर्मनीत गेडिके आणि मीटे यांनी मॅग्नेशियमयुक्त झगझगाटी भुकटी तयार केली. त्याच वर्षी तिची वार्ता न्यूयॉर्कमधील पत्रकार जेकब रीस याच्या वाचनात आली, आणि गरिबांच्या कोंदट खोल्यांतील जीवन चित्रित करण्यासाठी त्याने तिचा उपयोग आरंभिला. भिंग उघडावयाचे, तव्यावरील भुकटी पेटवावयाची आणि भिंग पुन्हा झाकावयाचे, असा तो क्रम होता. या खटाटोपात आपण दोन वेळा घराला व एकदा स्वतःलाच आग लावल्याचे रीसने आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथामागील छायाचित्रांत काही चेहरे दचकलेले दिसतात. त्या दचकण्यात दारिद्र्याचा भाग किती आणि अवचित झालेल्या स्फोटाचा किती, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

या स्थितीत पालट घडविला तो काचेच्या फ्लॅश-बल्बने. १९२९-३०च्या सुमारास हा बल्ब प्रथम जर्मनीत व लगोलग इंग्लंड-अमेरिकेत बाजारात आला. धूर व आगीचे भय संपले, आणि दिवा कॅमेऱ्यास कायमचा जोडणे शक्य झाले. अमेरिकेत १९१२ पासून तयार होत असलेला ‘स्पीड ग्राफिक’ हा कॅमेरा या जोडणीचा प्रमुख आधार ठरला. बॅटऱ्या ठेवण्याची धातूची नळी हीच दिव्याची दांडी आणि हीच हाताची मूठ, अशी त्याच्या फ्लॅशगनची सुटसुटीत रचना होती. ब्रॅकेटच्या साहाय्याने ती कॅमेऱ्याच्या अंगास घट्ट बसे. वृत्तपत्रांत वापरला जाणारा नेहमीचा बल्ब वीज मिळाल्यानंतर सुमारे २० सहस्रांश सेकंदांनी पूर्ण तेज गाठतो. म्हणून शटर तितकेच थांबून उघडेल, अशी योजना करावी लागे.

या ब्रॅकेटने आणखी एक गोष्ट साधली, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. दिवा कॅमेऱ्यालाच जखडला गेल्यामुळे दिव्यापासून विषयाचे अंतर आणि भिंगापासून विषयाचे अंतर ही व्यवहारतः एकच संख्या झाली. बल्बच्या शक्तीचा निर्देशांक फुटांतील अंतराने भागला की भिंगाच्या छिद्राचा अंक मिळतो. निर्देशांक १६० असेल, तर १० फुटांवर १६ आणि २० फुटांवर ८. प्रत्येक चित्रास एक बल्ब खर्ची पडे व नवा बसविण्यास वेळ लागे. अशा स्थितीत हे गणित अगोदरच करून ठेवणे हिताचे होते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील अपघात, आगी व खून यांची चित्रे घेणारा आर्थर फेलिग, अर्थात ‘वीजी’, याचा १० फूट अंतर व १६ अंकाचे छिद्र हा परिपाठ प्रसिद्धच आहे.

आता या परिपाठाचा पुराव्यावर होणारा परिणाम पाहावा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १० फुटांवरील मनुष्य यथायोग्य उजळला, तर ४० फुटांवरील भिंतीस त्याच्या सोळाव्या हिश्श्याएवढाच प्रकाश पोहोचतो, आणि लहान छिद्रामुळे रस्त्यावरील दिव्यांचा प्रकाशही चित्रात जवळजवळ उमटत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात दिव्यांनी उजळलेला रस्ता चित्रात काळाकुट्ट होतो. वीजीच्या न्यूयॉर्कमधील अथांग रात्र पुष्कळ अंशी या गणिताची निर्मिती आहे. त्या नगराच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून ती सादर करणाऱ्याने प्रथम हा भाग वजा केला पाहिजे.

पट्ट्याचीही अशीच कथा आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि १९४२ पासून दिल्लीत काम करणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक व रोलायफ्लेक्स हे दोन्ही कॅमेरे हाताळले. साडी नेसून, अवजड सामान सायकलवरून वाहून नेऊन त्यांनी सत्तांतराच्या काळातील राजधानी चित्रित केली. स्पीड ग्राफिक डोळ्यापाशी उचलून धरावयाचा असतो. रोलायफ्लेक्स गळ्यातील पट्ट्यास लोंबकळतो आणि त्याच्या माथ्यावरील काचेत खाली पाहून चित्र घेतले जाते. पट्टा ताणून धरला असता कॅमेरा स्थिर राहतो, पण भिंग छातीच्या वा कमरेच्या उंचीवर येते. अशा जवळून घेतलेल्या चित्रातील व्यक्ती किंचित उंच व भारदस्त भासते. त्या काळातील पुढाऱ्यांच्या चित्रांत असा भारदस्तपणा आढळल्यास त्याचे श्रेय केवळ छायाचित्रकाराच्या आदरभावास देण्यापूर्वी पट्ट्याची लांबी विचारात घेणे उचित होय.

पुढे दिवा लहान झाला आणि कॅमेऱ्याच्या माथ्यावर जाऊन बसला. विद्युत्संपर्क असलेली माथ्यावरील खाच १९३८च्या ‘युनिव्हेक्स मर्क्युरी’ कॅमेऱ्यातच आली होती. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश सुटसुटीत झाल्यावर ती सार्वत्रिक झाली. सोय वाढली, तथापि दिवा भिंगाच्या निकट आल्याने चेहरे सपाट दिसू लागले. नेत्रपटलावरून परतणारा प्रकाश सरळ भिंगात शिरून रंगीत चित्रांत डोळे लाल उमटू लागले. कॅमेरा उभा धरला, तर दिवा बाजूस जाऊन भिंतीवर मानेलगत काळी सावली पडते. म्हणून ब्रॅकेट परत आला. या वेळी दिवा दूर व उंच नेणारा, आणि कॅमेरा आडवा असो वा उभा, दिवा भिंगाच्या वरच ठेवणारा, असा फिरता.

त्याची निवड करताना लागणारे निकष आजही याच इतिहासातून निघतात. दिवा भिंगापासून पुरेसा दूर जातो काय, हा पहिला निकष. दुसरा घट्टपणाचा. कॅमेऱ्याच्या तळाशी पाव इंच व्यासाचा, इंचास २० आटे असलेला एकच स्क्रू असतो. एकट्या स्क्रूवर तोललेली पट्टी वजनाने फिरते. म्हणून कॅमेऱ्याच्या कडेस टेकणारी धार असलेली किंवा कोनाकृती प्लेट इष्ट ठरते. तिसरा निकष वजनाचा: ब्रॅकेट जितका लांब, तितका मनगटावरील भार अधिक. हा भार पट्ट्याने खांद्यावर घेता येतो; मात्र पट्टा प्लेटला अडकविला की कॅमेरा तिरपा लोंबतो आणि स्क्रू सैल होण्याचा संभव वाढतो.

भुकटीचा तवा, बॅटरीची नळी, माथ्यावरील खाच आणि फिरता ब्रॅकेट या चारही अवस्थांत छायाचित्रकाराने कोठे उभे राहावयाचे, किती अंतरावरून पाहावयाचे आणि काय काळोखात सोडावयाचे, हे जोडणीने बऱ्याच अंशी ठरविले. यामुळे छायाचित्राचे प्रामाण्य नष्ट होत नाही. हस्तलिखिताचा अभ्यासक मजकुराआधी शाई, कागद व लेखणी तपासतो, तद्वत छायाचित्राच्या अभ्यासकाने सावलीची दिशा, पार्श्वभूमीचा काळोख आणि भिंगाची उंची प्रथम पाहावी. दिव्याची जागा निश्चित झाल्यावर चित्रात जे उरेल, त्यावरच घटनेविषयीचे विधान उभारता येईल.