जात्याचा दगड

वरणगावी वाढलेल्या मुलास दगडांचा परिचय शाळेत जाण्यापूर्वीच झालेला असतो. घरातील जाते काळ्या दगडाचे, ओसरीवर शहाबादी फरशी आणि देवघरात संगमरवराची लहानशी मूर्ती. पहिला दगड अग्निजन्य, दुसरा जलजन्य, तिसरा रूपांतरित. खडकांच्या तिन्ही जाती एकाच छपराखाली नांदतात. परंतु आम्ही पदवी घेऊन घरी परतलो तेव्हा या जातींच्या इंग्रजी व्याख्या मुखोद्गत असूनही, आईने जात्याकडे बोट दाखवून ‘हा यांतला कोणता रे?’ असे विचारताच आम्हांस उत्तर सुचले नाही.

या काळ्या दगडाने, म्हणजे बसाल्टने, युरोपातील पंडितांसही चकविले होते. सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे १७७५ पासून वर्नर हा नामांकित आचार्य शिकवीत असे. नमुने हाती देऊन खनिजे ओळखावयास शिकविण्यात त्याचा हातखंडा होता. तथापि बसाल्ट पाण्यात साचून झाला, असे त्याचे ठाम मत होते. उलट, फ्रान्समध्ये देमारे याने १७६३ साली ओव्हेर्न प्रांतात बसाल्टच्या खांबांचा माग काढला, तो विझलेल्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याशी जाऊन भिडला. वाद घालणाऱ्यास तो तेथे जाऊन पाहावयास सांगे, असे म्हणतात. वर्नरचा शिष्य दोब्युइसाँ याने १८०३ साली गुरुमताचेच समर्थन केले. परंतु ओव्हेर्न स्वतः पाहिल्यावर ते मत त्याने मोकळेपणाने सोडले. गुरुनिष्ठेपेक्षा सत्यनिष्ठा थोर ठरली.

ओव्हेर्नसारखी ज्वालामुखींची शिखरे आपल्या खानदेशात उभी नाहीत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बहुतांशी भेगांतून वर येऊन थरांवर थर पसरला. म्हणूनच अजिंठ्याचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. पुढे आम्ही विद्यार्थ्यांस प्रथम पुस्तक न देता हातोडी दिली. फोडलेल्या काळ्या दगडातील भोके ही कोंडलेल्या वायूची, हे त्यांनीच ताडले. फरशीच्या तुकड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकताच बुडबुडे आले. संगमरवराच्या तुकड्यावरही आले. तेव्हा एक मुलगा उद्गारला, “म्हणजे सर, दोन्ही चुन्याचेच!” चुनखडीच उष्णतेने व दाबाने पालटून संगमरवर होते, हे सांगण्यास मग एक वाक्य पुरले.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्हांस ठाऊक आहे. ऐकावयास ती नाही. पण ते उत्तर त्या जात्यापाशी बसूनच शोधावयाचे होते, एवढे तरी आमच्या विद्यार्थ्यांस वेळीच कळावे.